परक्या गावाची खतावणी: जर्मनीतलं लहान कारखानदार गाव कसं समजून घ्यावं

२००४ साली आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, जर्मनीहून एक चौकशी आली. कास्टिंगचं ड्रॉइंग, वर्षाला किती नग लागतील तो आकडा, आणि तळाला गावाचं नाव. मालकांनी गावाची वस्ती काढली आणि म्हणाले, "हे तर आपल्या कागलएवढं. ह्यांची ऑर्डर ती केवढी असणार?" दर मीच काढला होता. गिऱ्हाईक लहान, पैसे अडकतील, म्हणून चार पैसे चढवून लावले आणि वर निम्मी रक्कम आगाऊ मागितली. उत्तर आलंच नाही. दोन वर्षांनी कळलं, तेच काम कोइमतूरच्या एका फाउंड्रीला मिळालं होतं आणि ती पोरं त्यावर नवी भट्टी घेऊन मोकळी झाली होती.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्षं मी हिशोब लिहिले. बुडीत उधारी विसरले असेन, पण हे कोटेशन विसरले नाही. जर्मनीत वस्ती बघून गावाची ऐपत ठरवायला गेलं की फसायला होतं. तिथलं मोठं यंत्रकाम बर्लिन-म्युनिकइतकंच, किंबहुना जास्तच, असल्या कागलएवढ्या गावांतून चालतं.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या मुलीला जर्मनीतल्या टुटलिंगन गावी प्रवेश मिळाला. फुर्टवांगेनच्या हॉखशूलंची, म्हणजे तिथल्या उच्च शिक्षणसंस्थेची, एक शाखा २००९ पासून त्या गावात आहे. मेहुणे म्हणाले, "चाळीस हजारसुद्धा वस्ती नाही. खेड्यात शिकायला कशाला पाठवायची?" मी महाद्वार रोडवरून दोनशे पानी खतावणी आणली आणि तिला म्हटलं, बस, निघायच्या आधी गाव वहीत उतरवू. दोन महिने आम्ही रविवारी हाच उद्योग केला. त्यातलं काय जमलं, कुठे हात पोळले, ते सांगते. तुमचं पोरगं अशाच गावी निघालं असेल किंवा तुम्हाला तिथून चौकशी आली असेल, तर उपयोग होईल.

पहिल्या पानावर कंपनीचं नाव नको

सगळे इथंच चुकतात. नेटवर गावाचं नाव टाकलं की पहिली मोठी कंपनी येते, मग तिची स्थापना, तिची उलाढाल, आणि वाटतं झालं काम. तसं करू नका. पहिल्या पानावर लिहायचं ते एवढंच: कंपनी यायच्या आधी इथली माणसं पोट कशावर भरत होती?

टुटलिंगनचं उत्तर जमिनीपासून सुरू होतं. हे गाव डॅन्यूबच्या वरच्या अंगाला, जुन्या वुर्टेम्बर्ग राज्यात. तिथं वाटणीची रीत आपल्यासारखीच, सगळ्या मुलांना सारखा वाटा. दोन-तीन पिढ्यांत शेताच्या चिंध्या झाल्या. आमच्या आजोळी चार भावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या होत्या, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेत पोसत नसलं की माणूस शेत न सोडता घरात दुसरं काम करायला लागतो. तिकडे कुणी चाकू घडवले, कुणी जोडे शिवले. रीकर ही जोड्यांची कंपनी १८७४ साली ह्याच गावात निघाली. आज हे गाव शस्त्रक्रियेच्या हत्यारांचं म्हणून ओळखलं जातं, पण चांभारकामाचं पान गाळलंत तर गावातले किती हात कशावर तयार झाले ते कळणार नाही.

लोखंड तर त्याहून जुनं. १६९४ मध्ये ड्यूक एबरहार्ड लुडविगनं गावाजवळ लोखंडाची भट्टी घातली. त्या जागेला त्याच्याच नावावरून लुडविग्स्टाल म्हणतात. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसले, कारण त्याच लुडविग्स्टालला पुढे मोटारींच्या ब्रेक डिस्क ओतायचं काम आलं. शिरोलीत ज्यांच्या अंगावर वाळू उडालेली आहे त्यांना ह्यातली गंमत कळेल. तीनशे वर्षं एकाच ठिकाणी वितळलेलं लोखंड! आमच्याकडे एक कुपोला, म्हणजे कोळशावरची जुनी भट्टी, बंद करून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली तर जुने लोक महिनाभर हळहळत होते.

एक बारीक युक्ती सांगते. नकाशा उघडा आणि गावाचा मधला भाग मोठा करून बघा. जुन्या जर्मन गावात रस्ते वाकडेतिकडे असायचे. ते पाटाच्या रेघांसारखे सरळ दिसले तर विचारा, गाव जळलं कधी? टुटलिंगनचा तटाच्या आतला भाग १ नोव्हेंबर १८०३ ला जळून गेला. कार्ल लिओनहार्ड फॉन उबर ह्या राज्याच्या स्थापत्यकारानं चौकटीत रस्ते आखून तो पुन्हा वसवला. भाचीला हे नकाशावरूनच ओळखता आलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

पाणी आणि रूळ

रुळाचं चटकन उरकतं. रेल्वे गावात कधी पोचली ते साल लिहा आणि बाजूला धंद्यांची सालं मांडा. टुटलिंगनला गाडी आली १८६९ ला. आपल्याकडे मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ ला सुरू झाली आणि शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली. गूळ आणि गाडी ह्यांचं नातं शाहूपुरीच्या कुठल्याही जुन्या अडत्याला विचारा.

पाण्याचा भाग मात्र रेंगाळून वाचण्यासारखा आहे. टुटलिंगनच्या वरच्या बाजूला, इमेंडिंगन आणि म्योरिंगन ह्यांच्या दरम्यान, डॅन्यूब नदी चक्क जमिनीत मुरते. खाली चुनखडीचा दगड आहे, त्याच्या भेगांतून पाणी निघून जातं. उन्हाळ्यात पात्र कोरडं, गोटे मोजून घ्या. आता नदी म्हटली की तिच्यावर चाकं फिरवणारे गिरणीवाले आले. डॅन्यूबकाठचे म्हणायचे भेगा बुजवा, पाणी आमचं आहे. दक्षिणेला आख नावाच्या झऱ्यावर गिरण्या चालवणारे म्हणायचे, खबरदार, तेच पाणी आमच्याकडे येतं. वाद तोडायला १८७७ मध्ये आडोल्फ क्नोप नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं मुरणाऱ्या पाण्यात टनांवारी मीठ आणि १० किलो हिरवा चमकणारा रंग टाकला. साधारण ६० तासांनी आखचा झरा हिरवा झाला! म्हणजे काळ्या समुद्राला निघालेलं पाणी डोंगराखालून गुपचूप ऱ्हाईनला मिळत होतं. हे भांडण थेट १९२७ मध्ये राज्याराज्यांच्या खटल्यापर्यंत गेलं.

गावाचा आर्थिक इतिहास म्हणजे फक्त कोणी काय बनवलं एवढाच नव्हे. कोण कुणाशी कशावरून भांडलं, त्यातही तो असतो. भांडण जिथं सापडेल तिथं अर्धं पान मोकळं सोडा. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला हे निराळं सांगायला नको.

वंशावळ काढा

आता कंपनीचं नाव लिहायला हरकत नाही. पण तिच्या खाली उलाढाल न लिहिता लिहा, संस्थापक हे काम कुठं शिकला?

गोटफ्रीड येटर हा चाकू-हत्यारं घडवणारा कारागीर. त्यानं १८६७ मध्ये टुटलिंगनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला सुरुवात केली. रेल्वे दोन वर्षांनी आली, हे मघाशी मांडलेल्या सालांत दिसेलच. पुढे शेरर मंडळी भागीदार झाली, १८९५ ला भागभांडवलाची कंपनी झाली आणि १८९९ ला एस्कुलापची काठी, म्हणजे साप वेढलेला वैद्यकाचा दंड, हा शिक्का आला. तीच आजची एस्कुलाप. १९७६ पासून ती बी. ब्राउन ह्या मोठ्या घराण्याच्या ताब्यात आहे.

दुसरं नाव कार्ल स्टोर्झ. तोही हत्यारं बनवणारा म्हणून शिकलेला. १९४५ साली, देश मोडून पडलेला आणि हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात असताना, त्यानं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसाठी वस्तू बनवायला घेतल्या. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्स ह्या भौतिकशास्त्रज्ञाची एक कल्पना त्यानं उचलली. दुर्बिणीच्या नळीत हवेच्या मध्ये काचेची भिंगं बसवायची असा रिवाज होता. हॉपकिन्सनं उलटं केलं, काचेच्या लांब कांड्या आणि त्यांच्या मध्ये हवेच्या फटी. पोटात घातलेल्या नळीतून एकदम लख्ख दिसायला लागलं. कोल्हापुरात दुर्बिणीतून पित्ताशय काढून घेतलेला कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत असेलच.

आमच्या उद्यमनगरात, कोल्हापूरच्या लहान कारखान्यांच्या वस्तीत, ही वंशावळ तोंडी असते. अमक्यानं तमक्याच्या लेथवर दहा वर्षं काढली, मग शेजारच्या गाळ्यात स्वतःचा लेथ टाकला, मग त्याचा हेल्पर पलीकडच्या गाळ्यात गेला. टुटलिंगनही असंच पसरलं. येटरच्या कारखान्यात शिकलेले हात बाहेर पडले आणि त्यांनी आपापली दुकानं थाटली. आज त्या भागात वैद्यकीय साधनांच्या शेकडो कंपन्या आहेत, त्यांतल्या कित्येक चार-सहा माणसांच्या. हे काम तिथं रीतसर शिकवलं जातं. साडेतीन वर्षं कारखान्यात आणि शाळेत आलटून पालटून शिकलं की शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा मेकॅनिक असा दाखला मिळतो. आपल्या आयटीआयवाल्यांनी ह्या आकड्याखाली रेघ मारावी.

वंशावळीला मदत हवी असेल तर पत्ते वाचा. एस्कुलापचा पत्ता एस्कुलाप चौक, स्टोर्झचा पत्ता डॉ. कार्ल स्टोर्झ रस्ता. रस्त्याला कारखानदाराचं नाव म्हणजे गावानं त्याला देव्हाऱ्यात बसवलं आहे असं समजा आणि तिथं लिहिलेल्या स्तुतीतून थोडी वजावट करा.

आणि एक खबरदारी. कंपनीच्या इतिहासाच्या पुस्तिकेत १९३३ ते १९४५ ही बारा वर्षं कशी ओलांडली आहेत ते बघा. युद्धकाळात जर्मन कारखान्यांनी बाहेरदेशांतून पकडून आणलेल्या माणसांकडून सक्तीनं काम करून घेतलं, हे आता तिथल्या शाळांतून शिकवतात. तरी काही पुस्तिका १९३० च्या फोटोवरून टुणकन १९५० च्या फोटोवर येतात. असं दिसलं की गावच्या संग्रहालयाचं किंवा अभिलेखागाराचं लिखाण शोधा, ते बहुधा जास्त प्रामाणिक असतं. आम्ही ह्या पानावर दोन रविवार घालवले आणि ते सगळ्यात जड रविवार होते.

वस्तू हातात घ्या

सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यासमोरच्या बोळातल्या सर्जिकलच्या दुकानातून मी एक आर्टरी फोर्सेप्स मागून आणला, रक्तवाहिनी धरायचा तो चिमटा. वर जर्मनी असं कोरलेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ऑपरेशन कुणाचं?" म्हटलं, गावाचं.

आमचे जुने फोरमन, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांच्या हातात तो दिला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाच मिनिटं तो उलटासुलटा केला. "ओतलेला नाही. घडाईचा आहे, दोन तुकडे." मग बिजागरीवर बोट ठेवलं. कात्रीसारखी एकावर एक पाती नाहीत. एका पात्याला मधे खाच आहे आणि दुसरं पातं त्या खाचेतून आरपार गेलेलं. खाच तापवून उघडायची, दुसरं पातं आत सरकवायचं आणि दाबून परत मिटवायची. मग कानशीनं इतकं बसवायचं की हलताना खडखड नाही आणि अडकतही नाही. मामांनी चिमटा दिव्यासमोर धरला आणि अंगठ्याजवळच्या दात्यांवर हळूच मिटवला. पहिल्या दात्याला फक्त टोकं टेकली, मागं उजेडाची बारीक फट. पुढच्या दात्यांना ती फट टोकाकडून मागे मिटत गेली. "हे मशीन करत नाही बाई, हे हात करतो," मामा म्हणाले, आणि चिमटा परत द्यायला तयार होईनात.

त्या पाच मिनिटांत मला कळलं की हे काम चार-सहा माणसांच्या दुकानात का टिकलं. एका नगाला घडाई, मिलिंग, जोडणी, कडक करणं, घासणं, चकाकी मारणं इतके टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याचा हात वेगळा. मोठी कंपनी शिक्का मारते, मधले टप्पे बाहेर जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर जॉबवर्क. गावाचा धंदा पाटीवर दिसत नाही, जॉबवर्कच्या चलनांत दिसतो. म्हणून वहीत एक पान फक्त ह्याला ठेवा: नोकरीच्या जाहिराती वाचून घासणारे, कडक करणारे, हत्यारं बनवणारे कोण कोण माणसं मागतंय त्यांची यादी. पाच-सहा आठवड्यांत गावाच्या पोटातली आतडी दिसायला लागतात.

आसपासची गावंही त्याच पानावर घ्या. टुटलिंगन जिल्ह्यातच ट्रोसिंगन आहे, जिथं माथियास होनर ह्या घड्याळवाल्यानं १८५७ पासून माउथ ऑर्गन बनवले. पलीकडे होयबर्गच्या पठारावर बारीक टर्निंगचे पार्ट बनवणारी दुकानं दाटीवाटीनं आहेत, आणि गोशाइममध्ये हेर्मलेच्या मिलिंग मशीन. चाकू, घड्याळ, माउथ ऑर्गन, चिमटा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ज्याचा हात बसला तो त्या मुलखात उपाशी राहत नाही.

हिशोब कुठं मिळतो

हा माझा प्रांत, त्यामुळे इथं थोडी शेखी मिरवते.

जर्मन कंपन्यांची नोंदवही ऑगस्ट २०२२ पासून इंटरनेटवर फुकट बघता येते: स्थापना, संचालक, भांडवल. ताळेबंद वेगळ्या सरकारी संकेतस्थळावर छापावे लागतात. मात्र लहान कंपनीला नफा-तोट्याचं पत्रक छापायची सक्ती नाही, फक्त ताळेबंद. बरेच जण इथं हताश होतात, "नफाच दिसत नाही!" म्हणून. नफा ह्या वर्षीचा आणि मागच्या वर्षीचा राखीव निधी वजा करून बराचसा दिसतो. त्यापेक्षा तीन ओळी बघा. मालसाठा: गिऱ्हाइकासाठी माल साठवून ठेवणारी कंपनी का ऑर्डर आल्यावरच हात हलवणारी. यंत्रांची घसाऱ्यानंतरची किंमत: शून्याला टेकली असेल तर मालक नवं काही घेत नाही, बहुधा वारस नाही. आणि टिपांमध्ये कामगारांची सरासरी संख्या. सलग पाच वर्षांचं मांडा. एका वर्षाचा ताळेबंद म्हणजे लग्नातला फोटो.

गावाचं स्वतःचं उत्पन्न कुठून येतं हेही लिहाच, कारण तिथली पद्धत आपल्या घरफाळ्याहून वेगळी आहे. कारखान्याच्या नफ्यावर एक कर थेट गावाला मिळतो. गणित सोपं: नफ्याच्या ३.५ टक्के, गुणिले गावानं ठरवलेला आकडा. गावानं ४०० टक्के ठरवले तर नफ्याचे १४ टक्के झाले. दोन-तीन मोठे कारखाने असलेल्या गावात त्यांचं एक वर्ष वाईट गेलं की पोहण्याचा तलाव दुरुस्त करायचा का नाही ह्यावर नगरसभेत खडाजंगी. गावचं अंदाजपत्रक शोधून त्यात हा कर किती वरखाली झाला ते बघा. भाचीनं भाषांतराच्या ॲपवर टाकून ते वाचलं. मला तिथं माझी एकतीस वर्षं कामाला आली.

शेवटचं पान, दाब कुठून येतोय. टुटलिंगनवर दोन बाजूंनी येतो. एक सियालकोट. पाकिस्तानातलं हे शहर ब्रिटिश काळापासून हीच हत्यारं घडवतं, आणि जर्मन कंपन्या तिथून अर्धवट घडवलेला आणि तयारही माल घेतात. म्हणजे स्पर्धकही तेच आणि जॉबवर्कवालेही तेच. चिमट्यावर जर्मनी कोरलेलं असलं तरी त्याचा जन्म नेमका कुठला, हे विचारायला बिचकू नका. दुसरा दाब कागदांचा. युरोपचा वैद्यकीय साधनांचा नवा कायदा मे २०२१ पासून लागू झाला. पूर्वी कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर बाजारात आणायचा ती पुन्हा पुन्हा वापरायची हत्यारंसुद्धा आता बाहेरच्या तपासणी संस्थेकडे न्यावी लागतात. मोठ्या कंपनीत त्यासाठी आख्खा विभाग असतो, चार माणसांच्या दुकानात तो कागद रात्री जेवणानंतर मालकाची बायको भरते. २०२३ मध्ये जुन्या मालासाठीची मुदत प्रकारानुसार २०२७ आणि २०२८ अखेरपर्यंत वाढवली, ती उगीच नाही.

ह्यात आम्ही एक चूक केली. हे सगळं पान भाचीनं विकिपीडियावरून उतरवून आणलं होतं आणि मी तपासलं नाही. त्यात दोन कंपन्यांची सालं उलटसुलट झाली होती. खतावणीत खाडाखोड मला सहन होत नाही, पूर्ण पान फाडून पुन्हा लिहायला लावलं. सालं कंपनीच्या आणि गावाच्या, दोन्ही ठिकाणी पडताळून मगच शाईनं लिहा, तोवर पेन्सिल.

भाची सप्टेंबरात गेली. घरमालक सत्तरीचे, आयुष्यभर तळघरात हत्यारं घासायचं काम केलेले. तिनं त्यांना बिजागरीतली खाच कशी मिटवतात ते विचारलं, तेव्हापासून रविवारची कॉफी त्यांच्याकडेच असते. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. "मावशी, ते विचारतायत, तुमच्या कोल्हापुरात फाउंड्रीच्या आधी काय होतं? मी गूळ सांगितलं. तर म्हणाले, गुळासाठी लोखंड काय लागतं?"

मी चरक आणि काहील एवढं सांगितलं, पाण्याच्या इंजिनांचं सांगितलं, आणि गप्प झाले. उद्यमनगरात पहिली इंजिनं दुरुस्त करणारे हात आधी काय दुरुस्त करत होते, मला ठाऊक नाही. त्याच खतावणीत मागून पानं उलटी सुरू केली आहेत. पहिल्या पानावर गूळ आहे, दुसरं रिकामं. शनिवारी मामांकडे जाणार आहे. दुपारी त्यांना झोप लागते, म्हणून चारनंतर.